कळंब्याचा पिनकोड, देवळालीचे मास्तर आणि ७२ लाख अंकी मूळ संख्या

कळंबा म्हटलं की कोल्हापूरकरांना आधी तलाव आठवतो आणि मग जेल. पिनकोड कोणाला आठवत नाही. तो आहे ४१६००७. त्यातली दोन शून्यं बाजूला ठेवा. उरले ४, १, ६ आणि ७. हे चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ७६४१ होतात, लहानाकडून मोठ्याकडे मांडले की १४६७. आता वजाबाकी करा. उत्तर येतं ६१७४, म्हणजे तेच चार अंक वेगळ्या क्रमाने. या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया केली तरी ६१७४च येणार. कितीही वेळा करा.

हा नुसता योगायोग आहे आणि कळंब्याशी त्याचा काही संबंध नाही. पण कोणतेही चार अंक घ्या, चारही सारखे नसले म्हणजे झालं. हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४वर येऊन थांबता. हा मात्र योगायोग नाही. ही गोष्ट जगाला पहिल्यांदा सांगितली ती देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ६१७४ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

६१७४ची गंमत बऱ्याच जणांना माहीत असते. याच मास्तरांनी विचारलेला दुसरा एक साधा प्रश्न पुढे तब्बल ७२ लाख अंकांच्या एका मूळ संख्येपर्यंत पोचला, हे मात्र फारसं कोणाला माहीत नाही. त्यांचं आयुष्य बघता बघता तिथपर्यंत जाऊ.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. जन्मसाल १९०५ वजाबाकीच्या चरकात घालून पाहा. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. मोजल्या तर बरोबर सात पायऱ्या, म्हणजे जितक्या जास्तीत जास्त लागू शकतात तितक्या. या सालात आणखीही एक गंमत दडलेली आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच. आईविना वाढणारा मुलगा वडिलांच्या शेजारी बसून आकड्यांत रमू लागला. ज्योतिष खरं की खोटं हा वाद इथे नको. पण आकडे हाताळायची, उलटसुलट करून बघायची सवय या घरात लहानपणीच लागली हे नक्की. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. त्या वयातही कोडी सोडवण्यात त्यांचे तासन् तास जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, यांचं नाव या महाविद्यालयाशी कायमचं जोडलं गेलं आहे. त्यांच्याच नावाचं एक बक्षीस स्वतंत्र गणिती कामासाठी दिलं जाई. ते १९२७ साली कापरेकरांना मिळालं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली. औपचारिक शिक्षण इथेच संपलं. पुढची कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही. पुढे आयुष्यभर ही गोष्ट त्यांच्या आड येत राहिली.

१९३०मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. देवळाली म्हणजे लष्करी छावणीचं गाव. प्रयोगशाळा, मोठं ग्रंथालय, विद्यापीठाचा विभाग यातलं काहीही हाताशी नव्हतं. शाळा सुटली की सायकल काढायची, शिकवण्या करायच्या आणि सवड मिळाली की नदीकाठी बसून संख्यांशी खेळायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. दारुड्याला दारू सुटत नाही तशा आपल्याला संख्या सुटत नाहीत, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत. लोकांनी त्यांना गणितानंद हे नाव दिलं होतं.

त्यांच्या पहिल्या शोधांपैकी एक रेल्वे स्टेशनवरचा आहे. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असं नाव दिलं. नमुना बघा. ११चा वर्ग १२१. १११चा वर्ग १२३२१. ११११चा वर्ग १२३४३२१. असं करत नऊ एकांचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळतो, एक चढण आणि एक उतार. दहाव्या एकापासून हातचे मध्ये येतात आणि ही सुंदर रांग मोडते. डेम्लो संख्यांची कापरेकरांनी केलेली पूर्ण व्याख्या याहून मोठी आहे, पण आपल्याला एवढं पुरे.

इथे मूळ संख्यांचा विषय निघतो. मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग न जाणारी संख्या, जशा २, ३, ५, ७, ११, १३. डेम्लोच्या पायाशी असलेल्या ११, १११, ११११ अशा संख्यांपैकी मूळ किती, हा प्रश्न दिसायला सोपा आहे. ११ मूळ आहे. १११ नाही, कारण ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. हे होणारच होतं. चार एकांचे दोन-दोनचे गट पडतात, म्हणून ११ने भाग जाणं भागच आहे. म्हणजे संख्या मूळ असायची तर त्यातल्या एकांची मोजदादसुद्धा मूळ असायला हवी. पण तेवढ्याने भागत नाही. पाच एक लिहिले तर ४१ गुणिले २७१ निघतात. दोन एकांनंतर मूळ संख्या मिळते ती थेट १९ एकांची, मग २३ एकांची, मग एकदम ३१७ एकांची. त्यानंतरची १०३१ एकांची. ती मूळ असल्याचं सिद्ध झालं १९८६ साली, आणि कापरेकर गेले तेही त्याच वर्षी.

६१७४ची क्रिया त्यांच्या हाती लागली १९४६मध्ये. १९४९च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. पुढे अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात १९५३ आणि १९५५ साली तिच्यावरचे त्यांचे लेख आले.

हे खरं असल्याची खात्री कशी करायची? चार अंकांच्या दहा हजार संख्या एकेक करून तपासायच्या का? नाही. चार अंक उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या आणि चौथ्या अंकातला फरक घ्या, त्याला ९९९ने गुणा. मधल्या दोन अंकांतला फरक घ्या, त्याला ९०ने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमच्या वजाबाकीचं उत्तर. म्हणजे उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरतं आणि अशा जोड्या होतात फक्त ५४. या ५४ जोड्या एका वहीच्या दोन-तीन पानांत मावतात. कळंब्याच्या ७, ६, ४, १ मध्ये पहिला फरक ६ आहे आणि दुसरा २. ५९९४ अधिक १८०, झाले ६१७४.

जाता जाता एक सांगायला हवं. ९९९ला ९ने भाग जातो आणि ९०लाही जातो. त्यामुळे या वजाबाकीत येणारं प्रत्येक उत्तर नवाच्या पाढ्यातलंच असतं. सुरुवात मूळ संख्येने करा किंवा आणखी कशाने, पहिल्याच पायरीला मूळपण जातं. (पिनकोडमधली शून्यं न काढता सहाही अंक घेऊन वजाबाकी करत गेलात तर मात्र एका ठिकाणी थांबणं नाही. ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३ असं करत सात संख्यांच्या रिंगणात गाडी फिरत राहते. चार अंकांचं भाग्य सहा अंकांना नाही.)

दुसरी त्यांची आवडती जात हर्षद संख्यांची. हर्ष देणारी ती हर्षद. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग गेला की ती हर्षद. ६१७४च्या अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३, म्हणजे सातचा घन. ही हर्षद झाली. त्यांच्या जन्मसालातली राखून ठेवलेली गंमत हीच. १९०५ची अंकबेरीज १५ आणि १९०५ भागिले १५ म्हणजे १२७. जन्मसाल हर्षद निघालं, आणि उरलेला १२७ ही मूळ संख्या. तीही साधीसुधी नाही, पुढे आपल्याला लागणार आहे. दहाच्या वरची कोणतीही मूळ संख्या मात्र हर्षद असू शकत नाही. तिला आणखी कोणी भागतच नाही, मग तिच्या अंकांची बेरीज तरी कशी भागणार?

आणि ज्या संख्यांना थेट त्यांचंच नाव मिळालं त्या कापरेकर संख्या. ४५चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. २९७चा वर्ग ८८२०९, त्यातले ८८ आणि २०९ मिळवा, पुन्हा २९७.

आता कडू गोष्ट. हे सगळं पाहून त्या काळच्या बऱ्याच भारतीय गणितज्ञांना हसू येत असे. हे गणित नव्हे, आकड्यांची करमणूक आहे, असा सूर होता. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळत नसे. लेख छोट्या नियतकालिकांत येत, नाहीतर कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापत आणि त्यांवर प्रकाशक म्हणून देवळालीचा स्वतःचाच पत्ता घालत.

हसणारे सगळे आढ्यताखोर होते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांच्या आक्षेपात दम होता. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी यांनी १९४० साली गणितज्ञाच्या आयुष्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचं उदाहरण दिलं आहे. ८७१२ म्हणजे २१७८ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ची नऊपट. दोन्ही संख्या स्वतःच्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यांचं काही वाटत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्यामागचा विचार असा. समजा तुमच्याकडे गुळाच्या १३ ढेपा आहेत. एकाच लांब ओळीत लावल्या तर गोष्ट वेगळी, पण एकाहून जास्त सारख्या ओळींत त्या रचता येत नाहीत. कारण १३ मूळ आहे. ही संख्या देवनागरीत लिहा, रोमनमध्ये लिहा, भिंतीवर रेघा ओढून लिहा, ढेपा तशाच राहणार. मूळपण त्या संख्येचं असतं, लिहिण्याच्या पद्धतीचं नसतं. ६१७४चं तसं नाही. आपण दहा बोटांमुळे दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ला हा मान मिळाला. बाराच्या पटीत मोजणाऱ्या माणसांना तिच्यात काहीच दिसलं नसतं. कापरेकर ज्यांच्या मागे होते ते संख्यांचे गुण की संख्यांच्या पोशाखाचे, असा तो प्रश्न आहे.

माझ्या मते आक्षेप बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पोशाखाबद्दलचे प्रश्नही खोल असू शकतात. कापरेकरांचा सगळ्यात चांगला प्रश्न तसाच आहे.

१९६३ साली, निवृत्तीनंतर वर्षभरात, त्यांनी देवळालीहून स्वतःच एक पुस्तिका छापली. विषय होता स्वयंभू संख्या. कल्पना पाचवीतल्या मुलाला कळेल अशी आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतली तर ४ अधिक ७ म्हणजे ११, म्हणून ४७पासून ५८ झाली. ५८ची अंकबेरीज १३, म्हणून पुढे ७१. मग ७९, मग ९५, अशी रांग चालत राहते. इथे ४७ ही ५८ची जनक आहे आणि ५८ ही ७१ची.

आता उलटा प्रश्न. प्रत्येक संख्येला जनक असतोच का? १०१ला तर दोन आहेत, ९१ आणि १००. पण २० घ्या. कोणत्या संख्येत तिची अंकबेरीज मिळवली म्हणजे २० येतील? शोधत बसा, सापडणार नाही. ३१लाही जनक नाही, ५३ला नाही, ९७ला नाही. ज्यांना कोणी जन्म दिला नाही त्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. स्वयंभू गणपती किंवा स्वयंभू शिवलिंग म्हणणाऱ्या मुलखात या शब्दाचा अर्थ फोडून सांगायला नको. शंभराच्या आत अशा १३ संख्या आहेत. १, ३, ५, ७, ९ आणि मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. वीसपासून पुढे अकराअकराच्या ढांगा दिसतात. ९७नंतर १०८ येते, पण मग लगेच ११०, आणि ढांग चुकते.

९७ला जनक नाही हे कसं कळलं? दोन अंकी संख्येचा दशकाचा अंक आणि एककाचा अंक घ्या. संख्या अधिक अंकबेरीज म्हणजे दशकाची अकरापट अधिक एककाची दुप्पट. ९७ विषम आहे, म्हणून दशकाचा अंक विषमच हवा. १, ३, ५, ७ घालून बघितलं तर एककाच्या जागी ४३, ३२, २१, १० बसवायची वेळ येते आणि तेवढा मोठा अंक नाही. ९ घातला तर बेरीज आधीच ९९ होते. एक अंकी संख्येची दुप्पट ९७च्या जवळही जात नाही. सगळे दरवाजे बंद. सगळे मिळून चार ओळींचं काम, पण ते नुसतं उदाहरण नाही, ती सिद्धता आहे.

पुस्तिका निघाली, पण घरची स्थिती बिकट होती. १९६६ साली पत्नी वारली. पेन्शन पुरेना. अतिशय काटकसरीने राहणाऱ्या या माणसाला साठीनंतर पुन्हा गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. महाविद्यालयांतून व्याख्यानाचं बोलावणं आलं की ते जात, आणि संख्यांबद्दल बोलायला लागले की हुशारून जात.

मार्च १९७५मध्ये चित्र पालटलं. अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांचं सदर लिहीत. जगभरचे गणितज्ञसुद्धा ते वाचत. त्या महिन्यात त्यांनी कापरेकरांवर आणि स्वयंभू संख्यांवर लिहिलं. देवळालीचे मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. ज्यांना ते पत्र लिहून लिहून थकले असते असे लोक आता त्यांची नावं दिलेल्या संख्यांवर शोधनिबंध लिहू लागले. १९८२ साली इटलीच्या उंबेर्तो झानियर यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात स्वयंभू संख्यांच्या विखुरण्यावर निबंध लिहिला. मोठ्यात मोठ्या संख्यांपर्यंत गेलं तरी स्वयंभू संख्या विरळ होत होत संपत नाहीत, त्यांचा ठरावीक वाटा कायम राहतो. मूळ संख्या मात्र पुढे पुढे विरळ होत जातात.

कापरेकर १९८६ साली देवळालीलाच गेले. ते सालही चरकात घालून बघितलं तर पहिल्याच पायरीला ८१७२ येते, जी १९०५च्या वाटेवरची दुसरी पायरी. तिथून पुढे दोन्ही साली एकाच रस्त्याने जातात.

आता त्या मोठ्या संख्येकडे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मेर्सेन नावाचे एक धर्मोपदेशक होते. दोनचा कोणता तरी घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा, अशा संख्यांपैकी मूळ कोणत्या, हा त्यांचा ध्यास. ४ वजा १ म्हणजे ३. ८ वजा १ म्हणजे ७. ३२ वजा १ म्हणजे ३१. १२८ वजा १ म्हणजे १२७. हाच तो कापरेकरांच्या जन्मसालात लपलेला १२७. इथेही घातांक मूळ असावा लागतो आणि इथेही तेवढ्याने भागत नाही. दोनचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ती निघते २३ गुणिले ८९. आज माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्या बहुतेक याच घराण्यातल्या आहेत, कारण त्या तपासायची एक खास जलद रीत उपलब्ध आहे. जगभरचे हौशी लोक आपापले संगणक या कामाला जुंपतात. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेल्या विक्रमी संख्येत ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत.

त्यातली आपल्या कामाची संख्या सापडली १५ मे २००४ रोजी, जॉश फिंडली यांच्या संगणकावर. दोनचा २,४०,३६,५८३वा घात वजा एक. लिहून काढायची तर ७२,३५,७३३ अंक लागतात. सेकंदाला एक अंक या वेगाने रात्रंदिवस न थांबता लिहिलं तरी जवळजवळ ८४ दिवस जातील.

या संख्येला देवळालीचा प्रश्न विचारला तर? तिला जनक आहे का?

लहान भावंडांकडे आधी बघू. ३, ७ आणि ३१ तिन्ही स्वयंभू आहेत. १२७ नाही, कारण १२२ची अंकबेरीज ५ आणि १२२ अधिक ५ म्हणजे १२७. त्यानंतरची ८१९१ हीसुद्धा नाही, तिचा जनक ८१६८. म्हणजे घराणं बघून काही सांगता येत नाही. ज्याची त्याची तपासणी वेगळी.

७२ लाख अंकी संख्येची तपासणी ऐकूनच छाती दडपते, पण थोडा विचार केला तर ती चिमुकली होते. जनक म्हणजे आपली संख्या वजा जनकाची अंकबेरीज. सगळेच्या सगळे अंक ९ धरले तरी अंकबेरीज साडेसहा कोटींच्या फारशी पलीकडे जात नाही, म्हणजे ती फार तर आठ अंकी. नवाने भागून उरणाऱ्या बाकीचा जुना नियम लावला की आणखी कळतं. या संख्येच्या जनकाची अंकबेरीज नवाने भागली तर बाकी ५च उरली पाहिजे. (१२२ची बेरीज ५ आणि ८१६८ची २३, तिथेही बाकी ५च.) उरले ७२ लाखांच्या आसपास उमेदवार. आता आठ अंकी रक्कम वजा केल्यावर एवढ्या प्रचंड संख्येचं काय बदलतं? शेपटाकडचे आठ अंक, आणि हातचा घ्यावा लागला तर त्याच्या डावीकडचा एखादा. बाकीचे ७२ लाखांवर अंक जागचे हलतही नाहीत. त्यांची बेरीज ठरलेलीच आहे. शेपटीच्या आठ अंकांची बेरीज ० ते ७२ या मर्यादेतच फिरू शकते. त्या मर्यादेत बाकी ५ देणाऱ्या बेरजा नऊहून जास्त नाहीत. हातचा घेऊन नऊ, न घेता नऊ. फार तर १८ वजाबाक्या.

ऑक्टोबर २००६मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं की या संख्येला जनक नाही. ती स्वयंभू आहे. तोवर माहीत असलेल्या मेर्सेन मूळ संख्यांत तिच्याहून मोठ्या तीन होत्या, पण त्या स्वयंभू नव्हत्या. स्वयंभूही आणि मूळही अशी तेव्हा माहीत असलेली सर्वांत मोठी संख्या ती हीच.

आणि पोशाखाचा आक्षेप? संगणक दहाच्या नव्हे, दोनच्या पटीत मोजतो, त्याच्याकडे ० आणि १ हे दोनच अंक. त्याच्या लिपीत ३ म्हणजे ११, ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११. फिंडली यांना सापडलेली संख्या त्या लिपीत म्हणजे ओळीने लिहिलेले २ कोटी ४० लाखांहून जास्त एक. डोंबिवलीच्या फलाटावर तरुण कापरेकरांच्या मनात जी एकांची रांग होती, तीच इथे पोशाख बदलून उभी आहे.

ती मूळ आहे हे तपासायला फिंडली यांच्या संगणकाला दोन आठवड्यांच्या आसपास लागले. पण कोणी तिच्या सगळ्या अंकांची बेरीज आणि शेवटचे दहाबारा अंक पोस्टकार्डावर लिहून देवळालीला धाडले असते, तर ती स्वयंभू आहे का हे मास्तरांना शाळा सुटल्यावर, दिवेलागणीच्या आत, कागद-पेन्सिलीवर सांगता आलं असतं.